कवंदीचं पोट

माझ्याकडं चौकड्यांची एक इरकल साडी आहे, लाल काठांची. गेली तीन वर्षं मी ती फाटायची वाट बघते आहे. कचेरीतून आले की तीच नेसते, तीच नेसून भांडी घासते, फरशी पुसते, आणि रविवारी ती खिडकीत धरून कुठं विरली का ते बघते. अजून फाटलेली नाही. आमच्या अण्णाच्या दुकानातला माल आहे, लवकर कसा फाटेल.

हे खूळ डोक्यात कसं शिरलं ते सांगायचं तर आधी मी कोण ते सांगायला हवं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. हुबळीतल्या नवनगरच्या स्टॉपवर, धारवाडला जाणाऱ्या चिगरी बसच्या तिकीटखिडकीतला माणूस नवीन असला तर मला इंग्रजीत विचारतो, कुठं जायचंय. मी कन्नडमध्ये धारवाड म्हणते आणि वर सुट्या पैशांवरून त्याला दोन शब्द सुनावते, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. बसमध्ये शेजारची बाई आधी माझ्या केसांकडं बघते, मग रंगाकडं, मग ओठांकडं. धीर करून विचारते, कुठल्या देशाच्या? मी सांगते, कलघटगी. ती बिचारी शेजारच्याच तालुक्याचं गाव जगाच्या नकाशात शोधत बसते. धारवाडला शिकायला परदेशी मुलं येतात. त्यांतलीच एखादी इथं अडकून म्हातारी झाली, असं लोकांना वाटत असावं.

आम्ही सिद्दी. काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून जहाजांत घालून आणलेली माणसं, गोव्याकडून सुटून घाट चढून रानात शिरलेली. कलघटगीच्या पुढं, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला जंगलाच्या काठानं आमच्या वाड्या आहेत. माझी आई तिथली. नऊ-दहा वर्षांची असताना तिला हुबळीच्या एका कापडवाल्यांच्या घरी कामाला आणून सोडलं. मालक मूळचे कोल्हापूरकडचे, घरात मराठी, बाजारात दुकान. माझे वडीलही आमच्या वाडीकडचेच. त्यांच्या दुकानात गठ्ठे उचलायचे, आणि मी रांगायला लागायच्या आत गेले. मी वाढले ती त्या घराच्या मागच्या खोलीत.

त्या घरानं मला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. शाळेत घातलं, पुस्तकं घेऊन दिली. मालकांचा मुलगा, ज्याला मी अण्णा म्हणते, त्याच्याबरोबर मी पाढे पाठ केले. माझं मराठी त्या घराचं आहे, आणि हे लिहिते आहे तेही त्याच मराठीत. चहाचा कप मात्र आमचा वेगळा होता, मोरीजवळच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला. आई माझ्याशी आमच्या बोलीत बोलायची. मी सहावी-सातवीत गेल्यावर तिच्या चुका काढू लागले. "असं नाही म्हणत, आई." हळूहळू तिनं माझ्याशी बोलणंच कमी केलं. मला तेव्हा वाटलं, सुधारली.

मागच्या खोलीत आईची एक कवंदी होती. कवंदी म्हणजे गोधडीच म्हणा, पण आमची. गोधडीत कापड आत दडपतात. कवंदीत सगळं वरच असतं. घरातल्या माणसांचे जुने कपडे फाडून त्यांचे तुकडे कडेकडेनं लावत यायचं, टाके घालत गोल गोल आत सरकायचं, आणि शेवटी मध्यावर यायचं. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या चिंध्यांची फुलं लावायची; फुलांवाचून कवंदी नागडी, असं आई म्हणायची. मध्य बंद करायच्या आधी तिथं चिमूटभर तांदूळ घालायचे. ते कवंदीचं पोट. पोट रिकामं ठेवून कुणाच्या अंगावर घालायची नाही. वर्गातल्या मुली घरी आल्या की मी ती कवंदी पेटीमागं कोंबत असे. त्यांच्याकडं रजया होत्या.

नवरात्रात आई दरवर्षी माहेरी जायची. आमच्याकडं त्या दिवसांत थोरल्यांची पूजा असते. थोरले म्हणजे गेलेले, वाडवडील. नारळ मांडतात, नैवेद्य दाखवतात, आणि जिथं कुठं पांगलेली असतील तिथून सगळी भावकी त्या एका घरी येते. लहानपणी मी आईबरोबर जात असे. नंतर परीक्षा आड येऊ लागली, मग मैत्रिणी, मग उगाचच. आई एकटी जायची आणि परतताना माझ्यासाठी केळीच्या पानात बांधलेला प्रसाद आणायची. तो मी पुष्कळदा कामवालीला देऊन टाकला आहे. आमच्याकडं कामवाली होती, हो. नोकरी लागल्यावर, नवनगरात घर घेतल्यावर मी कामवाली ठेवली होती, आणि आई तिच्या मागं मागं फिरून तीच भांडी पुन्हा घासायची.

नोकरी मला जातीच्या दाखल्यावर लागली. दाखल्यावर 'सिद्दी' असं लिहिलं आहे. ज्या शब्दानं मला पगार दिला, घर दिलं, पेन्शन देणार आहे, तो शब्द मी कचेरीतल्या फायलीबाहेर कधी उच्चारला नाही. केस सरळ करून घेतले होते काही वर्षं. दर तीन महिन्यांनी पार्लरमध्ये चार तास बसायचं आणि वर ती मुलगी म्हणायची, तुमचे केस फार हट्टी आहेत मॅडम.

आई गेली तेव्हा तिची ती कवंदी तिच्या अंगावर घालूनच तिला नेलं. मावशी, आईची धाकटी बहीण, वाडीवरून आली होती. तिनंच कवंदी पेटीमागून ओढून काढली. नंतर घरात आईच्या साड्या उरल्या, सात की आठ. सगळ्या चौकड्यांच्या इरकली, दुकानातल्या डागी मालातून दिवाळीला मिळालेल्या. महिनाभरानं दारावर बोहारीण आली. मी साड्या काढून दिल्या आणि स्टीलचं एक मोठं पातेलं घेतलं. ती झाकण द्यायला तयार नव्हती. मी पंधरा मिनिटं हुज्जत घातली आणि झाकण मिळवलं.

तेव्हा मला काही वाटलं नाही, हे मुद्दाम सांगते. पातेलं चांगलं होतं.

मग खूप वर्षांनी, धारवाडला एका सभागृहात हस्तकलेचं प्रदर्शन होतं. कचेरीतल्या बायका चालल्या होत्या म्हणून मी गेले. एका भिंतीवर कवंदी टांगलेली होती. वरून दिवा सोडलेला, शेजारी छापील पाटी: आफ्रिकी वंशाच्या भारतीय स्त्रियांची कला. बायका म्हणाल्या, काय रंगसंगती आहे ना. पेटीमागं कोंबलेली वस्तू माझ्यासमोर दिव्याखाली लटकत होती आणि लोक तिचे फोटो काढत होते. कोपऱ्यातली फुलं आतल्या बाजूला दुमडून लपवली होती. चौकट नीट दिसावी म्हणून असेल.

तिथं एक परदेशी विद्यार्थिनी होती. अगदी माझ्या रंगाची, केस बारीक वेण्यांत घातलेले. ती माझ्याकडं बघून अशी हसली की मी मागं वळून पाहिलं. इंग्रजीत म्हणाली की तिची आजीसुद्धा चिंध्या जोडते, आणि मला विचारलं, तुम्ही कुठल्या? आयुष्यभर हा प्रश्न मी उडवून लावला होता. तिनं तो चेष्टेनं विचारला नव्हता. कलघटगी म्हणायलाही जीभ उचलेना, कारण तिथं तरी मी कुठं होते. मी घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि निघाले. बसमध्ये नवनगरचा स्टॉप येईपर्यंत रडत होते. शेजारच्या बाईनं त्या दिवशी देश विचारला नाही.

पुढच्याच रविवारी कलघटगीची बस धरली. तिथून टेम्पो, मग पायी. मला कुणी बोलावलं नव्हतं. मावशी पडवीत बसून शिवत होती. तिनं मला लांबूनच ओळखलं. म्हणाली, चाल बहिणीची आहे. इतकी वर्षं का आली नाहीस, असं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तिची सून सुपारीच्या बागेत कामाला गेली होती, तीसुद्धा संध्याकाळी आली आणि माझ्याकडं बघून आत गेली. माझ्या पायांत चामड्याच्या सँडल होत्या. त्या पडवीत काढून ठेवल्या तर बाकीच्या चपलांत त्या तेवढ्याच दिसत होत्या.

मी मावशीला आफ्रिका सांगितली. प्रदर्शनातून आल्यावर आठवडाभर वाचून काढलं होतं, ते सगळं सांगितलं: जहाजं, बंदरं, सरदार झालेले सिद्दी, विकले गेलेले सिद्दी. मोठ्या तोंडानं तिला म्हटलं की आपण आपली मुळं शोधली पाहिजेत. ती टाके घालत ऐकत होती. म्हणाली, हो, अधूनमधून शहरातून माणसं येऊन असं सांगून जातात. मग तिनं विचारलं की तिकडं पाऊस किती पडतो, थंडी असते का, आणि तिकडच्या बायका अंगावर काय घेतात. यातलं काही माझ्या वाचनात आलेलं नव्हतं. आफ्रिका हा शब्द मला लागत होता. तिला नव्हता लागत. तिच्या घरात फळीवर थोरल्यांचा नारळ होता, त्याच्याशी ती रोज बोलत होती. तिला जे न मागता मिळालेलं होतं, ते मला वाचून मिळवायचं होतं, पगारी सुट्टी घेऊन.

निघताना मी तिला म्हटलं, मला एक कवंदी शिवून दे. माझ्या घरात आता एकही नाही. ती लगेच हो म्हणाली. फक्त म्हणाली, आईच्या साड्या घेऊन ये. तिच्या असतील की.

"आहेत," मी म्हणाले. "पेटीत आहेत."

पातेल्याचं सांगायला तोंड कुठून आणू. हुबळीला येईपर्यंत मी स्वतःला समजावलं की पुढच्या खेपेला सांगू. पण घरी आले आणि माझं दुकानातलं डोकं चालायला लागलं. कापडाच्या घरात वाढले होते. जुनं दिसायला काय लागतं? अण्णाकडं गेले आणि आईच्या साड्यांसारखी इरकल मागितली, तेच चौकडे, तोच काठ. अण्णा आता आजोबा झाला आहे. त्यानं गठ्ठ्यातली उत्तमातली काढली. म्हणाला, आईची आठवण आली वाटतं. घे, दहा वर्षं हलणार नाही. मी म्हटलं, नको, हलकी दे. तो रागावला. तुला मी हलका माल देऊ? त्या घरात हलका माल आम्हाला कित्येक वर्षं मिळाला होता, पण ते त्याला बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता.

ती साडी घरी आणून मी सोड्यात भिजवली. धुतली, गच्चीवर कडक उन्हात टाकली, पुन्हा भिजवली, दगडावर आपटली. दोन महिने माझा हाच उद्योग. शेजारीण म्हणाली, एवढं काय सांडलंय हिच्यावर? रंग उतरला, चौकडे पुसट झाले, कापड मऊ पडलं. अगदी आईची साडी. मी तिच्या घडीत डांबराच्या गोळ्याही घातल्या, पेटीतला वास यावा म्हणून. एवढी अक्कल मी परीक्षांना लावली असती तर साहेब झाले असते.

मावशीनं साडी मांडीवर घेतली. डोळ्यांनी तिला तेव्हाच कमी दिसू लागलं होतं, म्हणून ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून काठानं पुढं सरकत गेली. आधी पदर. मग कमरेशी खोचतात ती जागा. मग निऱ्यांचा भाग, गुडघ्याच्या उंचीवर, तिथं ती बराच वेळ थांबली. पुन्हा पदराकडं आली. मी तिच्या अंगठ्याकडं बघत होते आणि मला कळलं. आई आयुष्यभर उकिडवी बसून भांडी घासत आली. तिच्या साड्या गुडघ्याशी जाळी झालेल्या असायच्या, पदराला हात पुसून पुसून तिथं कापड चिरगूट झालेलं असायचं. कमरेशी खोचण्याची वळी पडलेली असायची. माझी साडी सगळीकडं सारखी विरलेली होती.

"ही कुणी नेसल्याली न्हाई गे," मावशी म्हणाली. रागानं नव्हे. "ह्यात कोण हाय?"

मी सांगून टाकलं. बोहारीण, पातेलं, झाकणसुद्धा सांगितलं. झाकण कशाला सांगितलं देव जाणे. सून पाणी भरून आली होती, ती दारात थबकून ऐकत होती. त्या घरात कुठलंही कापड कधी घराबाहेर गेलेलं नव्हतं. फाटलं की लुगड्याचा परकर, परकराचं लहान पोराचं दुपटं, आणि दुपट्याचं कवंदीत ठिगळ. त्यांच्याकडं देऊन टाकण्याइतकं काही नसायचं, म्हणून त्यांच्याकडं सगळी माणसं शिल्लक होती.

मग मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, तिचा आला. मी म्हणाले, शहरात लोक बाजारातनं कापड आणून कवंद्या शिवून घेतात आणि भिंतीवर लावतात, त्यांना कुणी विचारत नाही आत कोण आहे.

"भिंतीला थंडी वाजते काय?" मावशीनं विचारलं, आणि साडी घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. "हीच नेस. फाटली की आण."

तेव्हापासून नेसते आहे. कामवालीला काढलं, म्हणजे तिला कचेरीतल्या एका बाईकडं लावून दिलं, आणि भांडी मी स्वतः घासू लागले. ओट्याशी उभी राहून घासली तर गुडघा कसा विरणार? म्हणून मोरीत उकिडवी बसून घासते. या वयात गुडघे साडीच्या आधी जातील असं डॉक्टर म्हणाले. केस सरळ करणं थांबवलं. एकटीचीच भांडी, ती किती असणार. एक ताट, एक वाटी आणि ते पातेलं. पातेल्यात एकटीचं काही शिजत नाही, तरी रोज घासते.

नवरात्रात वाडीवर जाऊ लागले. तीच साडी नेसून जायची. पहिल्या वर्षी मी आले तसं सुनेनं शेजारून प्लास्टिकची खुर्ची मागून आणली. भावकीची चाळीसएक माणसं जमिनीवर बसलेली, डमामी ढोल वाजतोय, बायका नाचतायत, आणि मी खुर्चीत. माझ्या हातात थंडगार सरबताची बाटली दिली, बाकी सगळे तांब्यातून पाणी पीत होते. मी खाली बसते म्हटलं तर तिघी-चौघी धावल्या, नको नको, साडी खराब होईल. त्यांना काय सांगणार. त्या दिवशी मी जितकी एकटी होते तितकी नवनगरच्या घरातही कधी नसते. माझ्यासारख्या केसांची, माझ्यासारख्या ओठांची माणसं चारी बाजूंनी, आणि मी खुर्चीत बसून पाहुणी.

परत निघताना मावशी माझ्या साडीचा गुडघा चिमटीत धरायची. "अजून हाय," म्हणायची. दुसऱ्या वर्षीही अजून हाय. त्या वर्षी तिला माझा चेहरा दिसत नव्हता, पण साडी बरोबर सापडली. मी डोळ्यांच्या ऑपरेशनचं काढलं, हुबळीला चल, माझ्याकडं राहा. ती नको म्हणाली. आता बघायचं काय राहिलंय, शिवायला बोटं आहेत.

या पावसाळ्यात मावशी गेली. मला कळलं ते नवव्या दिवशी, कलघटगीच्या बाजारात वाडीतला एक माणूस भेटला म्हणून. मी तिच्यासाठी सुईदोरा घ्यायला तिथं उतरले होते. कळवायचं टाळलं असं नाही. कुणाला सुचलंच नाही. माझा नंबर कुणाकडं नव्हता, आणि कुणाकडं असावा असं मलाही कधी सुचलं नव्हतं. भर बाजारात मी सुईदोऱ्याची पुडी हातात धरून उभी राहिले. रडू आलं नाही, लाज आली.

तशीच वाडीवर गेले. सून पडवी सारवत होती. तिनं हात धुतले, मला बस म्हणाली. खुर्ची आणली नाही. मोडली असेल, नाहीतर गडबडीत राहून गेली असेल. मी जमिनीवर बसले. सुनेनं आतून एक गाठोडं आणून माझ्यासमोर सोडलं.

कवंदी होती. चारी कोपऱ्यांना फुलं लावलेली, कडेपासून टाके आत आत आलेले, काही अगदी सरळ आणि पुढं पुढं वाकडे होत गेलेले, जसजसं तिला दिसेनासं झालं तसे. मावशीच्या साड्या ओळखू आल्या, तिच्या चोळीचं निळं कापड ओळखू आलं. मध्ये वीतभर जागा मोकळी होती. खालचं अस्तर दिसत होतं.

सून म्हणाली, दोन वर्षं शिवत होती. मधलं सोडलंय. तुझी साडी फाटली की तिथं तू लावायची, असं सांगून ठेवलंय. आणि तिची स्वतःची जुनी कवंदी उसवून त्यातला तुझ्या आईच्या परकराचा एक तुकडा काढून ह्यात घातलाय.

मी विचारलं, कुठला?

"ते सांगितलं न्हाई," सून म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुला कळंल."

मी कवंदीकडं बघत राहिले. शंभरएक ठिगळं असतील. आई वाडीवरून निघाली तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. तिचा परकर कुठल्या रंगाचा होता ते मला कोण सांगणार? ज्यांना माहीत होतं त्या दोघी गेल्या. आई असताना मी तिला कधी विचारलं नाही. मी तिचं बोलणं सुधारत होते.

निघताना सुनेनं गाठोडं पुन्हा बांधून दिलं. माझा नंबर घेतला, तिच्या फोनमध्ये घालून लगेच वाजवूनही पाहिला. मी पायरी उतरले तेव्हा मागून म्हणाली, "अक्का, बोहारणीला घालू नको हां." ती हसत होती. मीही हसले.

आता कवंदी माझ्या पलंगावर असते. संध्याकाळी कचेरीतून आले की हात धुऊन मी अंगठ्यानं एकेक ठिगळ चाचपते, मावशी करायची तसं. एक पिवळं आहे, बारीक ठिपक्यांचं. चार दिवस मला खात्री होती की तेच. मग एक तपकिरी सापडलं, फार जुनं, बोटाखाली सायीसारखं सुटणारं, आणि वाटलं, हे असणार. काल पुन्हा पिवळं. कळत नाही. यातल्या कुठल्याही एका तुकड्याखाली हात गेला की तिथं आई असू शकते, आणि तिला ओळखता न येणारी तिची मुलगी मी आहे. हे मला अजून सहन होत नाही.

कात्री घरात आहे. साडीचा गुडघ्यापासला वीतभर तुकडा कापला की काम झालं, कुणी बघायला येणार नाही. परवा कात्री हातात घेतलीही होती. मग ठेवून दिली. मावशीला काय सांगणार, ह्यात कोण हाय म्हणून?

तांदूळ एका वाटीत काढून ठेवले आहेत. किडू नयेत म्हणून त्यात कडुलिंबाचा पाला घातला आहे. रविवारी साडी खिडकीत धरून बघितली. गुडघ्याच्या जागी कापडातून खिडकीचे गज दिसले, अगदी पुसट. मी सुनेला फोन लावला आणि सांगितलं. ती म्हणाली, अजून वर्षभर तरी जाईल. मग मी साडी नेसले आणि भांडी घासायला बसले.